त्या आश्विनातला तरवड

आश्विन लागला की मुंबईत उकाडा परत येतो. पाऊस गेलेला असतो, पण त्याची ओल भिंतींत राहिलेली असते, आणि वरून ऊन असं पडतं की शाळेचं मैदान ओलांडून वर्गापर्यंत येईस्तोवर साडी पाठीला चिकटते. ह्याच दिवसांत आमच्या खिडकीतला तरवड फुलतो. लालबागच्या ह्या भाड्याच्या घराला बाल्कनी नाही. खिडकीला बाहेर काढलेला लोखंडी जाळीचा पिंजरा आहे, त्यात कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, रंगाच्या एका जुन्या डब्यात तो उभा आहे. ह्या वर्षीही एका सकाळी पोळ्या करताना पहिला घोस दिसला. पिवळाजर्द, पाच-पाच पातळ पाकळ्यांच्या फुलांचा, जरा वारा आला तरी थरथरणारा. मी बघितलं आणि खिडकीकडे पाठ करून पुन्हा लाटायला घेतलं. तीन वर्षं मी असंच करत आले होते.

शहरातल्या माणसांना तरवड सहसा माहीत नसतो. ते माळावरचं झुडूप. जिथे गवतसुद्धा भाजून जातं तिथे तो कंबरभर वाढतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, पाणी नसलं तरी त्याचं अडत नाही. साल कातडी कमवायला वापरतात आणि फुलांचा रंग निघतो. मी परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना बाटलीतला रंग बाजारातून येतो एवढंच ठाऊक. तो झाडातूनही येतो हे त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवावं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून माण तालुक्यातल्या मामाच्या गावी गेले तेव्हा रस्त्याकडेच्या झुडपावरून वाळक्या, चपट्या शेंगा तोडून पर्समध्ये टाकल्या.

तेव्हा आम्ही परळच्या चाळीत राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. आई आणि मी. दादा लग्नानंतर डोंबिवलीला गेला होता. आई एका मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात तीस वर्षं आया होती. रिटायर झाल्यावरही तिची चाल तीच राहिली, झपझप, कोणीतरी बेल वाजवल्यासारखी. मी शेंगा टेबलावर ओतल्या तेव्हा तिने लांबूनच ओळखल्या.

"हे कशाला आणलंस?"

"लावणार आहे. गच्चीवर."

"तरवड? कुंडीत?" ती हसली नाही. "आम्ही पोरं सालं सोलायचो त्याची. दिवसभर. हात असे तपकिरी व्हायचे, की शाळेत बाई विचारायच्या, हात धुता की नाही. मी गाव सोडलं ते ह्याच झाडापासून सुटायला. आणि तू त्याला घरात घेऊन आलीस."

मी तरीही लावला. बिया टणक, गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या तेव्हा कुठे फुगल्या. सहा रोपं आली. दुष्काळातलं झाड जगवायला मुंबईत काय लागणार, असं मला वाटलं होतं, आणि पहिल्याच जुलैत चार रोपं मुळाशी कुजून गेली. तरवडाला उन्हाची भीती नाही, त्याला आपल्याकडचं पाणी मारतं. उरलेल्या दोन रोपांची माती आईनेच बदलली. मला न विचारता. खाली कौलांचे तुकडे, वर वाळू आणि खडी, थोडीच माती. "त्याला लाड सोसत नाहीत," एवढंच म्हणाली. पाऊस जोरात असला की ती दोन्ही डबे जिन्याच्या छपराखाली ओढून ठेवायची. पिवळी फुलपाखरं यायची, पानांवर अंडी घालायची, मग हिरव्या अळ्या एका आठवड्यात फांद्या खराट्यासारख्या करून टाकायच्या. आई एकेक अळी उचलून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडायची, मारायची नाही. झाडावरचा तिचा राग कधी गेला ते मला कळलंच नाही.

शेजारच्या खोलीत कुसुममावशी राहायची. नात्याची नव्हे, चाळीतली मावशी. मूळची मालवणची, नवरा लवकर गेला, मुलगी गिरगावात दिलेली. मजल्यावर कोणाला काहीही झालं की आधी मावशी. पोट बिघडलं तर तिच्याकडचं कोकमाचं आगळ, पाय मुरगळला तर तिचं तेल, बाळंतिणीला तिचे लाडू. आईशी तिची चाळीस वर्षांची मैत्री. दोघी संध्याकाळी गॅलरीत पाटावर बसायच्या, एकीच्या मांडीवर भाजी, दुसरीच्या मांडीवर तांदूळ, आणि बोलणं संपायचं नाही. मी लहान असताना आई रात्रपाळीला असली की मी मावशीकडेच जेवायचे. तिच्या घरी देव होते, आमच्या घरी बुद्धाची मूर्ती होती, आणि त्यावरून त्या दोघींमध्ये काही अडलेलं मी कधी पाहिलं नाही.

लावल्याला दोन वर्षं झाली आणि श्रावण सरता सरता तरवडाला पहिली फुलं आली. आश्विनात तर तो भरून गेला. गच्चीच्या त्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाक्या आणि डिशच्या छत्र्यांच्या मध्ये, तेवढाच एक पिवळा ढीग. आईने सांगितलं की गावाकडे घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात, तेव्हा मावशी रोज सकाळी मूठभर फुलं मागून न्यायला लागली. मी माझ्या वाट्याची फुलं परातीत साठवायचे. सुती ओढणी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवली, तुरटीच्या पाण्यातून काढली, मग फुलांबरोबर मंद आचेवर ठेवली. खोलीभर एक हिरवट, किंचित कडू वास. ओढणी वर काढली तेव्हा तिचा रंग कोवळ्या उन्हासारखा आला होता. मी ती गॅलरीत वाळत घातली आणि सगळ्या मजल्याला बोलावून दाखवली. इतकी खूश मी त्या आधी कितीतरी वर्षांत झाले नव्हते.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीच, श्रावणातच घडून गेली होती.

पहिली फुलं आली त्या आठवड्यात मी वनस्पतींची माहिती देणारं एक पुस्तक ग्रंथालयातून आणलं होतं. आई भाजी चिरत होती. मी मोठ्याने वाचत होते, थोड्या फुशारकीनेच, की बघ, तुझं ते माळावरचं झाड किती कामाचं आहे. साल, बिया, पानं, असं करत करत मी वाचलं, "फुलांचा काढा मधुमेहावर देतात." आईने विळीवरून मान वर केली.

"परत वाच."

मी परत वाचलं. ती पुन्हा भाजी चिरायला लागली. मी पान उलटलं.

त्याच्या दोनच आठवडे आधी डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आता गोळ्यांनी भागत नाही, पुढच्या खेपेला इन्सुलिनची सुई सुरू करू. ती घरी येऊन नेहमीसारखी स्वयंपाकाला लागली होती आणि मी समजले होते की तिने ते मनाला लावून घेतलं नाही.

त्यानंतर आई रोज सकाळी गच्चीवर जाऊन फुलं तोडायला लागली. मला वाटलं, मूर्तीपुढे ठेवायला. मूर्तीपुढे फुलं असायचीच, त्यामुळे मी मोजत बसले नाही. एकदा पातेल्याला तो हिरवट कडू वास आला. मी विचारलं तर म्हणाली, "घसा धरलाय." वर्तमानपत्रावर फुलं वाळत घातलेली दिसली, मला वाटलं माझ्या रंगासाठीच ठेवते आहे. तिच्या गोळ्या मीच आणायचे. भाद्रपदात तिने गोळ्या संपल्याचं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. शाळेत परीक्षा जवळ आल्या होत्या. औषधाच्या दुकानाची एक खेप वाचली, इतकंच मनात आलं असेल. ते असंच होतं.

दसऱ्याच्या सुमाराला आईने नवी चप्पल घेतली. धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला पांढरी साडी नेसून, ती चप्पल घालून बरीच चालली. करंगळीला चप्पल लागली आणि तिला ते कळलंच नाही, कारण पायाची जाणीव कधीचीच कमी झालेली होती. कळलं तेव्हा तिने हळद दाबून फडकं बांधलं आणि मोजे घालायला लागली. आश्विनातल्या त्या उकाड्यात मोजे. मी हसले होते तिला. दिवाळीच्या चार दिवस आधी, सकाळी चादर बदलताना पायाशी डाग दिसला. मी मोजा काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं.

ज्या इस्पितळात तिने तीस वर्षं काढली, तिथेच तिला स्ट्रेचरवरून नेलं. एका जुन्या सिस्टरने तिला ओळखलं आणि कपाळाला हात लावला. बोटं काढून भागलं नाही, उजवं पाऊल निम्मं काढावं लागलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी दादासमोर विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

आई चादरीची कड नीट करत राहिली.

"आई, सांग ना," दादा म्हणाला. "काय घेत होतीस तू?"

"काढा घेत होते. फुलांचा."

"कोणी सांगितला?"

आईने माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मी पलंगाच्या पायथ्याशी थर्मास धरून उभी होते. मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "कुसुमने."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की दादा, ते पुस्तकातलं मी वाचून दाखवलं होतं. मी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

दादा त्याच दुपारी चाळीत आला. मी आईचे कपडे घ्यायला घरी आले होते, आत होते. त्याने मावशीला दारातून बाहेर बोलावलं आणि गॅलरीत उभी करून बोलला. "तू डॉक्टर आहेस का? माझ्या आईचा पाय जातोय. लोकांना काय वाट्टेल ते पाजत बसतेस." असं बरंच काही. आमच्या मजल्यावर अकरा बिऱ्हाडं. सगळ्यांची दारं उघडी होती, एक तेवढं लागल्याचा आवाज मी ऐकला. मावशीचे हात ओले होते, ती भांडी घासताना उठून आली असावी. तिने एकच विचारलं, "हिरा म्हणाली असं?"

"आईनेच सांगितलं."

मावशी आत गेली आणि दार लावून घेतलं. मी आतल्या खोलीत आईची साडी घडी करत उभी होते. ती घडी मी तीन वेळा मोडून परत घातली.

दादाने त्या दिवशी गच्चीवर जाऊन एक झाड मुळासकट उपटलं. दुसरं उपटायच्या आत वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी त्याला खाली आणलं. आईला घरी आणल्यावर मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "झाडाने काय केलंय?"

त्या थंडीत मी रोज तिच्या पायाचं ड्रेसिंग करायचे. खाली बसून, तिचं उरलेलं पाऊल मांडीवर घेऊन. एके दिवशी मी मान खाली घालूनच विचारलं, "तू वॉर्डात शंभर बायकांना दटावून गोळ्या दिल्यास. स्वतःच्या का सोडल्यास?"

"सुईची भीती वाटली."

"तुला?"

"सुई लागली की बाई संपत जाते, असंच बघत आले मी. ज्या बऱ्या होऊन घरी गेल्या त्या माझ्या लक्षात राहिल्या नाहीत, परत आल्या त्याच राहिल्या." मग म्हणाली, "दुसऱ्याला दटावणं सोपं असतं गं. ते माझं काम होतं."

"आणि मावशीचं नाव का घेतलंस?"

"मग तुझं घ्यायला हवं होतं? संजू तुला जन्मभर बोलला असता. कुसुम काय, दोन दिवस रुसेल आणि येईल."

मावशी आली नाही. पाटावर आई एकटी बसायची, कठड्याला टेकवून ठेवलेल्या वॉकरसकट. मजल्यावरच्या बायकांनी मावशीकडून काही घेणं हळूहळू सोडलं. कोणी उघड बोललं नाही. लाडू परत आले, तेलाची बाटली नको म्हणून सांगितलं गेलं. एका घरातलं कोणी आजारी पडलं तेव्हा मी जिन्यात ऐकलं, "तिला नका बोलावू, हिराबाईंचं काय झालं बघितलंत ना." मी खाली उतरत होते. उतरत राहिले.

पुढे चाळ पुनर्विकासाला गेली. ज्याने त्याने जमेल तिथे भाड्याने घर घेतलं. मावशी एका सकाळी टेम्पो बोलावून मुलीकडे गेली. आमचं दार उघडंच होतं. ती आत न बघता पुढे गेली आणि आई हातातलं वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसली, मावशी जाईपर्यंत तिने पान उलटलं नाही. उरलेला तरवड आम्ही इथे आणला. चाळ पाडली ती मी बघायला गेले नाही.

ह्या आश्विनात मात्र त्या सकाळनंतर खिडकीकडे पाठ करून मला पोळ्या लाटवेनात. शनिवारी शाळा सुटल्यावर मी बस पकडून गिरगावात गेले. वाडी सापडली, लाकडी जिना चढले. मावशी दाराशी बसून सुकट निवडत होती. बारीक झाली होती. मला बघून म्हणाली, "ये गो," आणि पुन्हा सुपात बघायला लागली. तिची मुलगी घरात नव्हती.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पुस्तक, मी वाचलेलं वाक्य, इस्पितळातला तो क्षण. मावशीचे हात थांबले नाहीत.

"माका ठावक होता मी सांगूक नाय ता," ती म्हणाली. मनापासून बोलताना तिची मालवणी वर यायची. "हिरान माझा नाव कशाक घेतल्यान, ता कळत नव्हता. आता कळला. पोरीसाठी." मग विचारलं, "तू आज कशाक इलंस?"

"राहवेना, मावशी."

"तुझा हलका झाला. बरा झाला." तिने सूप बाजूला ठेवलं. "माझा काय?"

मी तिथेच दादाला फोन लावला. त्यालाही सांगितलं. मग तो म्हणाला, "मावशीला फोन दे." मी पुढे केला. तिने घेतला नाही.

"तुझो भाव माका गॅलरीत उभी करून बोललो. सगळो मजलो ऐकत होतो. ती गॅलरी आता नाय. मी खय उभी रवान सांगू, मी सांगूक नाय म्हणान?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दादा एकटा गिरगावात जाऊन आला. त्याने माफी मागितली, तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, "तू आईसाठी बोललंस," म्हणाली, आणि एवढंच. तिथून तो आमच्याकडे आला. आईच्या पाया पडला, मला म्हणाला, "मी त्या बाईला काय काय बोललो आणि तू आत बसून ऐकत होतीस." त्यानंतर त्याने मला फोन केलेला नाही.

आमचं आणि मावशीचं सोडलं तर मजल्यावरची नऊ बिऱ्हाडं उरतात. मी त्यांचे पत्ते जमवले. लालबागमध्येच राहणाऱ्या शिंदेकाकूंना आधी आठवेनाच, "कुठला काढा गं?" म्हणाल्या, आणि मला ते सगळं पहिल्यापासून उभं करून मग पुसावं लागलं. दुसऱ्या घरी म्हणाले, "असेल, पण मावशीला सवयच होती ना सांगत सुटायची." मी म्हटलं, तिने नाही सांगितलं, मी वाचलं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. तिसरे सावंतकाका, आता नीट दिसत नाही त्यांना. ते म्हणाले, "मी त्या दिवशी दार लावून घेतलं होतं. मला मध्ये पडायचं नव्हतं." आणि बराच वेळ माझा हात धरून बसले.

आई हे सगळं बघत होती. मी कुठे जाते ते तिला माहीत होतं. जा म्हणाली नाही, नको जाऊ असंही म्हणाली नाही. काल संध्याकाळी मी कॉटन ग्रीनला पवारवहिनींकडे निघाले, तेव्हा ती पांढरी साडी नेसून, तिचा तो जड, पुढून भरलेला बूट घालून दाराशी बसली होती.

"जिना आहे तिथे, आई. दुसरा मजला."

"चढेन."

जिना चढायला तिला खूप वेळ लागला. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा. मी हात पुढे केला तर तिने कठडा धरला. पवारवहिनींनी दार उघडलं आणि आम्हा दोघींना बघून त्या उंबरठ्यातच थांबल्या. मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली. धाप लागलेली होती, पण आवाज वॉर्डातला होता, अगदी शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा.

"कुसुमने मला काढा सांगितला नव्हता. हिने पुस्तकातलं वाचलं, मी माझ्या मनाने प्यायले, आणि नाव कुसुमचं घेतलं. ते खोटं होतं."

पवारवहिनी एकदा तिच्याकडे, एकदा बुटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिराबाई, आत तर या. बसा आधी."

"बसायला नाही आले," आई म्हणाली. "अजून पाच घरं राहिलीत."